अंगठ्याचा ‘एपीएल’ स्नायू : विच्छेदनात त्याचे टेंडन कसे शोधावेत, मोजावेत आणि नोंदवावेत

ॲबडक्टर पॉलिसिस लाँगस, म्हणजे एपीएल, हा अंगठा बाहेर नेणारा स्नायू पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. उगम अग्रबाहूची अल्ना आणि रेडिअस ही हाडं आणि त्या दोन हाडांमधला पडदा यांच्या मागच्या बाजूवर. शेवट अंगठ्याच्या मेटाकार्पलच्या, म्हणजे तळहातातल्या हाडाच्या, बुडाशी. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, एक. नर्व्ह पोस्टिरिअर इंटरऑसिअस. मग डिसेक्शन हॉलमध्ये मनगट उघडलं की टेंडन दोन दिसतात, कधी तीन, कधी चार. टेबलाभोवती कुजबुज सुरू होते आणि ज्याच्या हातात स्कॅल्पेल आहे त्याला वाटतं, आपल्याच हातून टेंडन उभा चिरला गेला.

बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं. जगभरातल्या विच्छेदनाच्या नोंदी पाहिल्या तर एपीएलचा एकच टेंडन असलेले हात कमी भरतात. दोन टेंडन सर्वांत जास्त आढळतात, तीन नवलाचे नाहीत, आणि पाच किंवा त्याहून जास्त टेंडनांच्याही नोंदी आहेत. म्हणजे पुस्तकात ‘नेहमीची’ म्हणून छापलेली रचना प्रत्यक्षात कमी भेटते. म्हणून माझा आग्रह एवढाच की टेंडन हाडापर्यंत गाठल्याशिवाय त्याला नाव देऊ नका आणि मोजूही नका. हा लेख एमबीबीएस, बीएएमएस, फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि नवे डेमॉन्स्ट्रेटर यांच्यासाठी आहे. शेवटी रुग्णाबद्दलही लिहिलं आहे, कारण या टेंडनांची संख्या आणि मनगटावर ते ज्या कप्प्यातून जातात त्यातला पडदा यांचा थेट परिणाम तिथे दिसतो.

आधी स्वतःच्या हातावर

देहाला हात लावण्याआधी स्वतःचा अंगठा ताठ करून बाहेर ताणा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला जो खळगा पडतो तो ॲनाटॉमिकल स्नफबॉक्स. त्याच्या तळहाताकडच्या काठावर एपीएल आणि एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिस, म्हणजे ईपीबी, एकमेकांना चिकटून धावतात. मागच्या काठावर एकटा एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस, ईपीएल. पहिल्या काठावर बोट ठेवून अंगठा हळू हलवा. दोघांपैकी तळहाताकडे सरकलेला तो एपीएल, मागच्या अंगाचा तो ईपीबी. आता खळग्याच्या तळाशी बोट टेकवा, रेडिअल धमनीचा ठोका लागेल. ही धमनी एपीएल आणि ईपीबी यांच्या खालून खळग्यात शिरते. तिच्या उलट, रेडिअल नर्व्हची वरवरची शाखा या टेंडनांच्या वरून, कातडीच्या लगेच खालून जाते. विच्छेदनात सगळ्यात आधी हीच नर्व्ह तुटते आणि शस्त्रक्रियेतही तिलाच सर्वाधिक जपावं लागतं.

साहित्य आणि हाताची मांडणी

स्कॅल्पेल लागतो, पण तो कातडीपुरता. पुढचं जवळजवळ सगळं काम बोथट प्रोब, बारीक वाकडी कात्री आणि दात नसलेला चिमटा यांनी करायचं. त्याशिवाय व्हर्निअर कॅलिपर, दोन-तीन रंगांचा दोरा, भिंग, पाण्याची फवारणीची बाटली आणि नोंदवही जवळ ठेवा. दोरा विसरू नका. टेंडनाला रंगीत दोरा सैल बांधला की अर्ध्या तासाने ‘हा मघाचाच का?’ हा वाद होत नाही.

देह उताणा असेल तर हात शरीरापासून थोडा दूर घ्या, आधी तळवा खाली करून मागची बाजू उघडा आणि नंतर हात अर्धा वळवून अंगठा वर येईल असा ठेवा. फॉर्मॅलिनमुळे अंगठ्याचे सांधे ताठलेले असतात. कापायला सुरुवात करण्याआधी अंगठा तळाशी धरून सावकाश गोल फिरवा, मग मधला सांधा, मग टोकाचा. पुढे टेंडन ओढून पाहायची परीक्षा आहे आणि सांधा मोकळा नसेल तर ती फसते.

पायरी १ : कातडी आणि नर्व्ह

कोपराच्या खालपासून मनगटाच्या पुढे मेटाकार्पलपर्यंत मागच्या बाजूने मधोमध उभा छेद घ्या, मनगटावर आडवा छेद जोडा. कातडी अंगठ्याच्या दिशेने उलटवताना पातळच उचला. चरबीतून रेडिअल नर्व्हची वरवरची शाखा शोधा. ती ब्रॅकिओरेडिआलिस या अग्रबाहूच्या स्नायूच्या टेंडनाखालून अंगठ्याच्या बाजूने बाहेर येते आणि मनगटाजवळ फांद्या देते. सेफॅलिक शीरही इथेच आहे. दोन्ही मोकळ्या करून बाजूला घ्या, कापू नका. काही हातांत नर्व्हची एखादी फांदी पहिल्या कप्प्याच्या, म्हणजे मनगटावर एपीएल आणि ईपीबी ज्या बोगद्यातून जातात त्याच्या, अगदी डोक्यावरून जाते. तशी दिसली तर लगेच वहीत लिहा.

पायरी २ : रेटिनॅक्युलम जागेवर ठेवा

खोल फॅशिआ, म्हणजे स्नायूंवरचं आवरण, काढताना मनगटाच्या मागचा जाड आडवा पट्टा, एक्स्टेन्सर रेटिनॅक्युलम, तसाच राहू द्या. बहुतेक टेबलांवर इथेच घाई होते. मुलं पट्टा उघडून टेंडन सरळ मोकळे करतात आणि पहिल्या कप्प्याच्या आत पडदा होता की नव्हता हे कळण्याचा मार्ग बंद होतो. एकदा कापलेला पडदा परत दिसत नाही. रेटिनॅक्युलमच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कडा स्पष्ट करा आणि तिथेच थांबा.

पायरी ३ : वरून खाली या

आता अग्रबाहूच्या मागे एक्स्टेन्सर डिजिटोरम आणि एक्स्टेन्सर कार्पी रेडिआलिस ब्रेव्हिस यांच्यामधली फट बोटाने मोकळी करा. या फटीतून अंगठ्याचे खोल स्नायू तिरके बाहेर येतात. सर्वांत वरचा आणि जाडजूड तो एपीएल. त्याला लागून खाली ईपीबी.

एक्स्टेन्सर डिजिटोरम बाजूला धरला की एपीएलच्या पाठीवरून पोस्टिरिअर इंटरऑसिअस नर्व्ह उतरताना दिसते, पुढे ती ईपीएलच्या खाली जाते. एपीएलला जाणाऱ्या तिच्या फांद्या जपून मोकळ्या करा. स्नायूचं पोट, म्हणजे मधला मांसल भाग, दुभागलेलं असेल तर दोन्ही भागांना वेगवेगळी फांदी जाते का ते पाहा. दोन पोटं, दोन फांद्या आणि दोन टेंडन वरपासून खालपर्यंत वेगळे असतील तर तो जास्तीचा स्नायू म्हणून नोंदवता येतो. पोट एकच आणि टेंडन मनगटाजवळ फाटलेला असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. दोन्हींना एकाच रकान्यात टाकू नका.

खाली येताना एपीएल आणि ईपीबी एकत्रच मनगट ताणणाऱ्या दोन टेंडनांवरून, म्हणजे एक्स्टेन्सर कार्पी रेडिआलिस लाँगस आणि ब्रेव्हिस यांच्यावरून, तिरके ओलांडतात. ही जागा मनगटाच्या काही सेंटिमीटर वर आहे. वल्ही मारणाऱ्यांत, वजन उचलणाऱ्यांत इथे घर्षणाने सूज येते, त्याला इंटरसेक्शन सिंड्रोम म्हणतात. तपासताना ही जागा आणि पहिला कप्पा यांची गल्लत होऊ नये म्हणून ओलांडण्यापासून रेडिअसच्या स्टायलॉइड टोकापर्यंतचं (मनगटाजवळ अंगठ्याकडे हाताला लागणारं हाडाचं टोक) अंतर कॅलिपरने मोजून ठेवा.

पायरी ४ : न कापता पडदा शोधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. पहिला कप्पा रेडिअसच्या स्टायलॉइडच्या बाहेरच्या अंगावर आहे, लांबी जेमतेम २ सेंटिमीटरच्या आसपास. त्यातून एपीएल आणि ईपीबी जातात. पुष्कळ हातांत आतला पडदा या कप्प्याचे दोन बोगदे करतो, एक एपीएलचा आणि एक ईपीबीचा.

प्रोब आधी वरच्या टोकाने, कोपराच्या बाजूने, एपीएलच्या पाठीवरून आत सरकवा. अडथळा न येता तो ईपीबीकडे आडवा फिरतो का पाहा. फिरला म्हणून पडदा नाही असं लगेच लिहू नका. पडदा अर्धवट असेल तर तो बहुधा अंगठ्याकडच्या टोकालाच असतो आणि वरून घातलेल्या प्रोबला तो लागत नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा प्रोब खालच्या टोकाने घाला. दोन्ही टोकांनी अडलं तर पडदा पूर्ण, एकाच टोकाने अडलं तर अर्धवट.

हे लिहून झाल्यावरच छप्पर उघडा. छेद कप्प्याच्या मागच्या, ईपीबीकडच्या काठाजवळून घ्या, म्हणजे तळहाताकडची भिंत शाबूत राहील. शल्यचिकित्सकही असाच कापतात, कारण पुढची भिंत गेली तर टेंडन तळहाताकडे घसरतात. छप्पर उलटवून पडद्याची लांबी मोजा. मग टेंडन उचलून हाडावरची खाच पाहा. पूर्ण पडदा असलेल्या काही हातांत स्टायलॉइडवर एकाऐवजी दोन खाचा आणि मध्ये हाडाची कणी, म्हणजे उभा कंगोरा, मिळते. बोट फिरवलं तरी ती लागते. सोनोग्राफीत रेडिओलॉजिस्ट जी कणी शोधतो ती हीच.

पायरी ५ : टेंडन ओळखा, मग मोजा

चार टेंडन समोर आहेत. त्यातला ईपीबी कोणता? जागेवरून अंदाज येतो, खात्री होत नाही. प्रत्येक टेंडन एकेक करून चिमट्याने कोपराच्या दिशेने ओढा आणि नजर अंगठ्याच्या मधल्या सांध्यावर ठेवा. मेटाकार्पल आणि त्यापुढचं अंगठ्याचं पहिलं हाड यांच्यामधला हा सांधा ताणला गेला तर टेंडन ईपीबीचा. नुसता मेटाकार्पल बाहेर सरकला तर एपीएलचा. काहीच हललं नाही तर तो टेंडन हाडाआधीच कुठेतरी, बहुधा अंगठ्याच्या गाठीच्या (तळहातावरच्या मांसल उंचवट्याच्या) स्नायूंत किंवा ट्रॅपिझिअम या अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मनगटाच्या हाडावर संपतो आहे. तो पुढे शोधा.

आणखी दोन खुणा आहेत. ईपीबीचा टेंडन सहसा बारीक असतो आणि त्याचे मांसल तंतू बरेच खालपर्यंत, कधी कप्प्याच्या आतही येतात. एपीएलचा टेंडन रुंद असून त्यावर उभ्या रेषा असतात. या रेषाच फसवतात. टोकदार पात्याने त्यांच्यावर काम केलं तर एका टेंडनाचे तुम्ही म्हणाल तितके टेंडन करता येतात. म्हणून फक्त बोथट प्रोब चालवा. दोन पट्ट्या आपोआप, जोर न लावता वेगळ्या होत असतील तरच त्या दोन.

आता मोजण्याचा नियम. एकाच हातात कप्प्याच्या वरच्या कडेला दोन, खालच्या कडेला तीन आणि हाडापाशी चार टेंडन मिळू शकतात. निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्यामागे लोकसंख्येतला फरक असेल, पण मोजण्याची जागा वेगळी असणं हेही मोठं कारण आहे. म्हणून रेटिनॅक्युलमची वरची कडा, खालची कडा आणि हाडावरचा शेवट अशा तीन जागी तीन वेगळे आकडे लिहा. पहिला देह उघडण्याआधी हा नियम ठरवा, मध्येच बदलू नका.

ईपीबीचेही प्रकार आहेत. काही थोड्या हातांत तो मिळतच नाही. काहींत तो एपीएलशी जोडलेला असतो, काहींत पहिल्या हाडाच्या बुडाशी न थांबता अंगठ्याच्या टोकाच्या हाडापर्यंत जातो. ‘नाही’ लिहिण्याआधी अग्रबाहूत त्याचं पोट शोधा, कारण एपीएलच्या खाली दडलेला बारीक ईपीबी सहज निसटतो.

पायरी ६ : शेवट गाठा

मुख्य टेंडन अंगठ्याच्या मेटाकार्पलच्या बुडाच्या बाहेरच्या अंगाला लागतो. जास्तीच्या पट्ट्या इतरत्र जातात. ट्रॅपिझिअम हे नेहमीचं ठिकाण. ॲबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिसच्या पोटात शिरणारी पट्टीही वारंवार मिळते, तिथे टेंडनातूनच छोट्या स्नायूचे तंतू उगवताना दिसतात. ऑपोनेन्स पॉलिसिस आणि गाठीवरचं फॅशिआ ही त्यापुढची ठिकाणं. गाठीवरची कातडी काढून ॲबडक्टर ब्रेव्हिसचं पोट स्वच्छ केल्याशिवाय यातलं काहीच दिसणार नाही. पुष्कळ जण मनगटावर थांबतात आणि त्यांची नोंद अर्धी राहते.

ट्रॅपिझिअमवर लागणाऱ्या पट्टीचा अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याच्या झिजेशी संबंध आहे का, यावर संशोधकांचं एकमत नाही. सांध्याची स्थिती दिसत असेल तर शेजारी लिहून ठेवा. पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

प्रत्येक टेंडनाची मेटाकार्पलच्या बुडाशी रुंदी मोजा आणि मोजताना टेंडन ओला ठेवा. वाळलेला टेंडन आक्रसतो आणि आकडा बिघडतो.

पायरी ७ : नोंद

देहाचा विभागातला क्रमांक, लिंग, बाजू, पोट एक की दोन, तीन जागचे टेंडन, प्रत्येकाचा शेवट, ईपीबीची स्थिती, पडदा पूर्ण, अर्धवट की नाही, नर्व्हची फांदी. इतकं एका पानावर बसतं. दोन्ही हात उघडा, कारण डावा-उजवा सारखा असेलच असं नाही. नोंद एकाने घ्यावी आणि दुसऱ्याने ती न पाहता पुन्हा मोजावं. आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्याला बोलवा.

फोटोसाठी टेंडनाखाली काळं किंवा निळं कापड सरकवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि पहिला फोटो काहीही न उचलता घ्या. विभागप्रमुखांच्या परवानगीशिवाय फोटो काढू नका, मोबाइलवर तर मुळीच नाही. चेहरा, गोंदण, ओळखीचा टॅग चौकटीत येता कामा नये. आपल्या टेबलांवर येणारे देह १९४९ च्या महाराष्ट्र ॲनाटमी कायद्याखाली येतात आणि त्यातले पुष्कळ देहदानाचे असतात. कुणाच्या तरी घरच्यांनी अंत्यविधीचा हक्क सोडून ते आपल्याला दिलेले आहेत. त्यामुळे मला अर्धवट नोंद ही नुसती अभ्यासातली उणीव वाटत नाही, त्या घराने दिलेलं आपण वाया घालवलं असं वाटतं. प्रबंध किंवा लेख लिहायचा असेल तर संस्थेच्या नीतिसमितीकडे आधी जा, काम संपल्यावर नाही.

रुग्णाच्या मनगटावर

स्विस शल्यचिकित्सक फ्रित्झ द केर्व्हाँ यांनी १८९५ मध्ये पहिल्या कप्प्याच्या ज्या दुखण्याचं वर्णन केलं ते आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. कप्प्याचं आवरण जाड होतं आणि टेंडन आत अडकत सरकतात. बायकांत ते जास्त आढळतं, बाळंतपणानंतर विशेष. बाळाला दोन्ही हातांनी काखेत धरून उचलताना अंगठा ताणलेला आणि मनगट वाकलेलं असतं, आणि हे दिवसभरात कितीतरी वेळा होतं. ‘बाळंतपणातला वात’ म्हणून महिनोन्‌महिने सोसणाऱ्या बायका ओपीडीत येतात. त्यांचं मनगट एकदा नीट तपासलं जावं असं मला मनापासून वाटतं.

तपासणीत एक गल्लत सर्रास होते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवणं याला सगळे फिंकेलस्टाइन टेस्ट म्हणतात. ती आयकहॉफ यांची, १९२७ सालची. फिंकेलस्टाइन यांनी १९३० मध्ये सांगितलेल्या पद्धतीत तपासणारा स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात झटकन करंगळीकडे वळवतो. मुठीची परीक्षा निरोगी माणसालाही दुखवते. स्वतःवर करून पाहा.

पडद्याचा अंदाज घ्यायचा असेल तर दोन हालचाली वेगवेगळ्या तपासा. रुग्णाला मधला सांधा तुमच्या बोटाविरुद्ध ताणायला सांगा, हे ईपीबीचं काम. मग अंगठा तळहातापासून वर उचलून धरायला सांगा आणि त्यावर दाब द्या, हे एपीएलचं. पहिल्यात दुखणं ठळकपणे जास्त असेल तर ईपीबी वेगळ्या बोगद्यात अडकल्याची शक्यता वाढते. खात्री सोनोग्राफीने करावी.

हे महत्त्वाचं का? स्टिरॉइडचं इंजेक्शन कप्प्यात दिलं आणि आत पडदा असला तर औषध एका बोगद्यात राहतं, ईपीबी कोरडा राहतो. रुग्ण म्हणतो गुण आला नाही. अशा वेळी त्याच जागी पुन्हा टोचण्याऐवजी सोनोग्राफीखाली दोन्ही बोगद्यांत औषध पोचवणं शहाणपणाचं. कातडीचा रंग जाणं आणि खालची चरबी विरघळणं हे स्टिरॉइडचे धोके रुग्णाला आधी सांगा. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत पडदा शवांपेक्षा जास्त प्रमाणात मिळतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पडदा असलेल्यांनाच औषधाने कमी गुण येतो आणि तेच शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचतात, असा त्याचा सरळ अर्थ लागतो.

आणि शस्त्रक्रियेत धोका तोच, जो डिसेक्शन हॉलमध्ये होता. छप्पर उघडलं, दोन टेंडन दिसले, एक एपीएल आणि एक ईपीबी समजून काम संपवलं. पण ते दोन्ही एपीएलचेच निघू शकतात आणि ईपीबी शेजारच्या बंद बोगद्यात तसाच राहतो. म्हणून टाके घालण्याआधी प्रत्येक टेंडन हुकाने उचलून ओढावा आणि मधला सांधा ताणला जातो का ते पाहावं. कुणीच तो ताणला नाही तर ईपीबी अजून मिळालेला नाही, मागच्या काठाला दुसरा बोगदा शोधावा. शस्त्रक्रियेनंतरही तीच जागा तशीच दुखत असेल, तर पहिला संशय याच न उघडलेल्या बोगद्यावर घ्यावा.